उजेडाने पाणी फोडायचं, तर अडतं कुठे?

टोकियो विद्यापीठात 1967 साली केनिची होंडा यांच्या हाताखाली शिकणाऱ्या अकिरा फुजिशिमा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक पाण्यात बुडवून त्यावर दिव्याचा झोत सोडला. स्फटिकावर ऑक्सिजनचे बुडबुडे धरले, तारेने जोडलेल्या प्लॅटिनमवर हायड्रोजनचे. झिंक ऑक्साइड अशा उजेडात स्वतःच विरघळतं. हा स्फटिक मात्र जसाच्या तसा राहिला. माझ्या मते खरा शोध हाच. 1972 मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेने तो छापला, पुढच्याच वर्षी तेलसंकट आलं आणि हायड्रोजनचं इंधन मिळवायला जगभरच्या प्रयोगशाळा या विषयावर तुटून पडल्या.

घडतं ते असं. पुरेशा ऊर्जेचा प्रकाशकण पडला की ऑक्साइडमधला एक इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या वरच्या पट्ट्यात जातो आणि मागे धनभारित रिकामी जागा उरते, तिला होल म्हणतात. हा होल पृष्ठभागापर्यंत आला की पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो. गोम पुढे आहे. ऑक्सिजनचा एक रेणू सुटायला पाण्यातून चार इलेक्ट्रॉन निघावे लागतात, आणि एक प्रकाशकण होल देतो एकच. चार होल जमेपर्यंत अर्धवट तुटलेलं पाणी धातूच्या अणूला धरून बसतं. हे काम मिलिसेकंदांपासून सेकंदापर्यंत रेंगाळतं. इलेक्ट्रॉन आणि होल पुन्हा एकमेकांना गाठतात ते बहुतेकदा मायक्रोसेकंदाच्याही आत. गाठ पडली की ऊर्जा उष्णतेत गेली.

त्यात टायटॅनियम डायऑक्साइडला लागतात अतिनील किरण, आणि उन्हात ते जेमतेम 4-5 टक्के. म्हणून नजर वळली हेमॅटाइटकडे, गंजाच्या जातभाईकडे. गोव्यातून बोटी भरभरून परदेशी गेलेलं लोहखनिज प्रामुख्याने हेच. स्वस्त, पाण्यात टिकाऊ, दृश्य प्रकाश शोषणारं. कागदावर 15 टक्क्यांच्या आसपास सौरऊर्जा हायड्रोजनमध्ये उतरायला हरकत नाही. प्रत्यक्षात यातला होल काही नॅनोमीटर जातो न जातो तोच संपतो, आणि प्रकाश तर त्याच्या कितीतरी पट खोल शिरतो. 2006 साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये मायकेल ग्रेट्झेल यांच्या गटाने सिलिकॉन मिसळून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फाटे फुटलेले थर वाढवले, तेव्हा कुठे गाडी हलली. बारीक फाट्यांत होल कुठेही तयार झाला, तरी पाणी हाताशीच.

जपानमध्ये काझुनारी डोमेन यांच्या गटाने स्ट्रॉन्शियम टायटॅनेटचे 100 चौरस मीटर पॅनेल उघड्या उन्हात चालवले. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा: सौरऊर्जेतली जास्तीत जास्त 0.76 टक्के हायड्रोजनमध्ये उतरली. याच पदार्थाने वर्षभर आधी अतिनील प्रकाशातला जवळजवळ प्रत्येक शोषलेला प्रकाशकण कामी लावून दाखवला होता. दृश्य प्रकाशात तशी किमया अजून कुणाला साधलेली नाही.