शीट पाइलचे प्रकार: सांधा बदलला तसा पाइल बदलला

शीट पाइल म्हणजे माती किंवा पाणी अडवण्यासाठी जमिनीत एकाला एक लावून ठोकलेल्या फळ्या; त्या मिळून सलग भिंत होते. यू, झेड, हॅट, सपाट ही नावे त्यांच्या आकाराची आहेत. पण हे आकार जन्माला आले ते शेजारचे दोन पाइल एकमेकांत कसे अडकवायचे, या एका अडचणीतून.

लाकडी पाइल सर्वांत जुने. पाण्यात कोरडी जागा करण्यासाठी दुहेरी भिंत उभारून मधल्या पोकळीत पाणगवताच्या टोपल्यांतून चिकणमाती ठासावी, असे रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियसने लिहून ठेवले आहे. पुढे फळीच्या एका कडेला खाच आणि दुसऱ्या कडेला जीभ आली. तीन फळ्या बोल्टने जोडून मधली थोडी सरकवली की खाच आणि जीभ आपोआप तयार होते. हाच वेकफील्ड पाइल. त्याचे खालचे टोक एका बाजूने तिरके तासत, म्हणजे खाली जाताना माती त्याला आधी ठोकलेल्या पाइलकडे रेटते. कायम पाण्याखाली असलेले लाकूड टिकते, ओल-सुक्याच्या पट्ट्यात कुजते आणि समुद्रात त्याला किडे पोखरतात.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये ओतीव लोखंडाचे पाइल वापरून पाहिले गेले. घणाचे घाव सोसणे त्या ठिसूळ धातूला झेपत नव्हते.

खरे वळण १९०२ सालचे. जर्मनीतल्या ब्रेमेनमध्ये ट्रिग्वे लार्सन या अभियंत्याने पोलादी यू पाइल वापरात आणला. सुरुवातीला त्याच्या एका कडेचा आकडा, म्हणजे शेजारच्या पाइलमध्ये अडकणारा हूक, रोलिंगमध्येच (तापलेले पोलाद रुळांतून दाबून आकार देताना) निघे, दुसऱ्या कडेला मात्र पट्टी रिव्हेटने बसवावी लागे. दोन्ही कडा रोलिंगमधूनच निघू लागल्या त्या १९१४च्या सुमारास.

यू पाइलची एक खोड मात्र तशीच राहिली. त्याचा सांधा भिंतीच्या मध्यरेषेवर, म्हणजे न्यूट्रल अ‍ॅक्सिसवर येतो आणि कर्तन ताण, म्हणजे दोन भाग एकमेकांवरून सरकवू पाहणारा ताण, तिथेच सर्वाधिक असतो. सांधा सरकला तर शेजारचे पाइल वेगवेगळे वाकतात आणि भिंतीचा ताठपणा निम्म्याहून खाली जाऊ शकतो. म्हणून दोन-दोन पाइलचा सांधा कारखान्यातच दाबून किंवा वेल्ड करून पक्का करतात. युरोपीय संहिता ईएन १९९३-५ मध्ये यासाठी वेगळे घट-गुणक, म्हणजे भिंतीची ताकद आणि ताठपणा कमी धरण्याचे गुणक, आहेत. हिशेबात ते विसरणे ही नेहमीची चूक. झेड पाइलमध्ये सांधे भिंतीच्या बाहेरच्या कडांवर गेले आणि प्रश्नच मिटला. पण एकटा झेड असममित असल्याने ठोकताना पीळ घेतो, म्हणून तोही जोडीनेच ठोकलेला बरा. जपानमध्ये २००५ साली आलेल्या ९०० मिमी रुंद हॅट पाइलचे सांधेही बाहेरच्या कडेवरच आहेत, आणि आकार सममित असल्याने तो एकेकटा ठोकता येतो.

सपाट पाइलचे गणित निराळे. वाकवणारा जोर सोसण्यात तो जवळजवळ निरुपयोगी, पण सांध्याच्या ताणात जबरदस्त: १२.७ मिमी जाडीच्या पाइलचा सांधा एका मीटर लांबीमागे सुमारे ५,५०० किलोन्यूटन ओढ सहन करतो. म्हणून पाइल गोलाकार ठोकून आत माती भरलेल्या कोठ्या याच्याच. क्युबातल्या हवाना बंदरात बुडालेले ‘मेन’ हे अमेरिकी युद्धजहाज उघडे पाडण्यासाठी १९१०-११ मध्ये सुमारे १५ मीटर व्यासाच्या अशा २० कोठ्या उभारून आत माती भरली होती.

थंड अवस्थेत पत्रा वाकवून केलेले पाइल हलके आणि स्वस्त पडतात. त्यांचा आकडा सैल असतो, त्यामुळे पाणी जास्त झिरपते. उथळ चरासाठी चालतात. खोल कॉफरडॅमला, म्हणजे पाणी अडवून आत कोरडी जागा करणाऱ्या तात्पुरत्या बांधाला, मी म्हणेन गरम रोल केलेलेच घ्या.

गंजाचा हिशेब जागेनुसार बदलतो. ईएन १९९३-५ याच संहितेनुसार ५० वर्षांत न हललेल्या नैसर्गिक मातीत ०.६ मिमी झीज धरतात, तर समुद्रात ओहोटीच्या पातळीला आणि लाटांच्या तुषारांच्या पट्ट्यात ३.७५ मिमी.

ठोकण्याच्या पद्धतीही बदलल्या: घण, मग कंपनाचा हॅमर आणि १९७५ पासून, आधी बसवलेल्या पाइलना धरून पुढचा दाबणारे जपानी ‘सायलेंट पायलर’. सांध्यातले घर्षण मात्र कुठल्याच यंत्राने संपलेले नाही. सांध्याच्या बाजूला घर्षण जास्त, मोकळ्या बाजूला कमी. त्यामुळे पाइलचा माथा पुढच्या दिशेला कलत जातो. यावर उपाय म्हणजे गाइड फ्रेममध्ये (पाइल सरळ धरणाऱ्या चौकटीत) आठ-दहा पाइल आधी उभे करून टप्प्याटप्प्याने खाली नेणे. मोठा दगड लागला आणि तरीही ठोकत राहिले तर आकडा फाटतो. वरून ते दिसत नाही. खोदाई त्या खोलीला पोहोचली की फटीतून आधी पाणी आणि मग वाळू येऊ लागते. अशा वेळी खोदाई थांबवून, मागे ग्राउट (सिमेंटचे पातळ मिश्रण) भरून, फटीवर प्लेट वेल्ड करावी लागते.