वजनावरून बर्फाची जाडी: हिमनदीच्या गुरुत्वमापनाची पार्श्वभूमी

राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र वास्कोच्या हेडलँड सड्यावर आहे. बर्फ फक्त सोडावॉटरच्या दुकानात पाहणाऱ्या गोव्यात हिमनद्यांचा विषय निघतो तो बहुधा याच संस्थेमुळे. 2016 साली तिने हिमाचलच्या स्पितीत ‘हिमांश’ हे हिमनद्यांच्या अभ्यासाचे केंद्र उभारले. हिमनदी किती मागे हटली, हे उपग्रहाच्या चित्रांत कळते. पण तिच्यात बर्फ किती खोल आहे, म्हणजेच पाण्याचा साठा केवढा, हे वरून दिसत नाही. ते गुरुत्वाकर्षणावरून काढण्याची रीत जुनी आहे आणि तिचे मूळ हिमनदीत नाही.

भारतीय सर्वेक्षणाचा अधिकारी जेम्स बॅसेवी 1865पासून लोलक घेऊन देशभर गुरुत्व मोजत होता. 1871च्या जुलैत लडाखच्या मोरे पठारावर तेच काम करताना तो वारला. तिथले त्याचे आकडे चमत्कारिक होते: एवढे डोंगर असूनही गुरुत्व अपेक्षेपेक्षा बरेच कमी. म्हणजे डोंगरांखाली काहीतरी हलके आहे. जमिनीखालची उणीव वर उभे राहून मोजता येते, हाच पुढच्या साऱ्या कामाचा पाया.

गोव्यातल्या खाणपट्ट्यात जड लोहखनिजावर गुरुत्व किंचित वाढते. हिमनदीवर उलटे घडते. बर्फाची घनता घनसेंटिमीटरला 0.92 ग्रॅम, खडकाची साधारण 2.67. त्यामुळे शंभर मीटर जाडीच्या विस्तीर्ण बर्फाच्या थरावर सुमारे 7 मिलिगॅल (गुरुत्व मोजण्याचे बारीक एकक) तूट पडते. पृथ्वीचे एकूण गुरुत्व मात्र 9,80,000 मिलिगॅलच्या आसपास! लोलकाने इतका बारीक फरक बर्फावर ठिकठिकाणी मोजत फिरणे अवघडच. 1930च्या दशकात लुसिएन लाकोस्ट यांनी विशिष्ट स्प्रिंगचा गुरुत्वमापक घडवला आणि काम मिनिटांवर आले. तरी एक पीडा राहिली. उंची मीटरभर चुकली की 0.3 मिलिगॅलची गडबड होते, आणि जीपीएसच्या आधी दुर्गम भागात उंची बहुतेकदा हवेच्या दाबावरून काढत.

ग्रीनलँडवर 1948पासून पॉल-एमिल व्हिक्टर यांच्या फ्रेंच मोहिमांनी आणि 1957-58च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात अंटार्क्टिकावर गेलेल्या पथकांनी एक तोड काढली. दूरदूरच्या ठिकाणी सुरुंग उडवून, लहरी परतायला लागणाऱ्या वेळेवरून जाडी पक्की करायची आणि मधली जागा गुरुत्वमापकाने भरायची. बर्फाचा तळ कित्येक ठिकाणी समुद्रसपाटीच्या खाली आहे, हे अशाच मोजमापांतून पुढे आले. माझ्या मते गुरुत्वमापनाची खरी जागा हीच, दुसऱ्याच्या पक्क्या आकड्यांना जोडून. एकटे सोडले तर ते फसवते, कारण जाड हलका थर आणि पातळ अतिहलका थर वरून सारखेच भासतात.

डोंगरातल्या अरुंद दरीत तर दोन्ही बाजूंचे कडेही ओढ लावतात. त्यांचा हिशेब नीट वजा करावा लागतो. हिमाचलच्या छोटा शिग्री हिमनदीवर गुरुत्वमापनाने बर्फ मुखाशी सुमारे 15 मीटर आणि मधल्या भागात 130 मीटरपर्यंत निघाला होता. 2009 मध्ये रडारने मोजला तेव्हा 4,400 मीटर उंचीवर सुमारे 124 आणि 4,900 मीटरवर 270 मीटर आला. फरक थोडाथोडका नाही.

1960च्या दशकानंतर रडारने बाजी मारली हे ओघानेच आले. पण समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाखालच्या खाऱ्या पाण्यातून रडारची लहर पलीकडे जात नाही; गुरुत्वाला ती अडचण नाही. म्हणून 2009पासून नासाच्या ‘आइसब्रिज’ मोहिमेत विमानात पुन्हा गुरुत्वमापक चढला, बर्फाखालच्या समुद्रतळाचा आकार शोधायला.

बातम्यांत गुरुत्व मोजणाऱ्या ‘ग्रेस’ उपग्रहांचे नाव येते, तेव्हा घोटाळा करू नये. 2002 साली सुटलेली ती जोडी जाडी मोजत नव्हती. वस्तुमान किती घटले किंवा वाढले, ते सांगत होती, आणि तेही शेकडो किलोमीटरच्या टप्प्यात. छोटा शिग्री जेमतेम नऊ किलोमीटर लांब आहे.