सातच घड्या का?

‘कितीही मोठा कागद घ्या, सातपेक्षा जास्त वेळा अर्धा दुमडत नाही’ हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. जादूगारांना पैजेसाठी सोयीचाच! वहीच्या कागदावर करून पाहिलं तर पटतोही. दर घडीला थर दुप्पट होतात, सातव्या घडीला 128. ए-फोर कागद साधारण 0.1 मिलिमीटर जाड. म्हणजे गठ्ठा जवळपास 13 मिलिमीटर, आणि आळीपाळीने आडवं-उभं दुमडलं तर लहान बाजू उरते जेमतेम 19. बाहेरच्या थराला वळायला कागदच पुरत नाही. अडतं ते इथे, सातच्या आकड्यात काही नाही. पातळ, लांब कागदाला ही मर्यादा लागू नाही: 2002 मध्ये अमेरिकेत एका शाळकरी मुलीने सुमारे 1.2 किलोमीटर लांबीचा टॉयलेट पेपर 12 वेळा दुमडला. घरी दहाएक मीटर टॉयलेट रोल उलगडा, एकाच दिशेने दुमडत जा, हवा नीट दाबून काढा. आठवी घडी पडते.