एकच ‘शिक्षा’, अर्थ निराळे

केंद्र सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाचे नाव २०२० मध्ये बदलले आणि हिंदी पाटीवर ‘शिक्षा मंत्रालय’ अशी अक्षरे आली. हिंदी चांगली समजणाऱ्या मराठी माणसालाही ही पाटी वाचताना क्षणभर न्यायालय आणि तुरुंग आठवतो. कारण आपल्याकडे मुलांना मिळते ते शिक्षण आणि गुन्हेगाराला होते ती शिक्षा.

शब्दाचा उगम मात्र एकच आहे. संस्कृतात ‘शक्’ म्हणजे समर्थ असणे; त्याच्या इच्छार्थक रूपातून ‘शिक्ष्’ आला, म्हणजे काही जमावे अशी इच्छा धरणे, आणि त्यावरून शिकणे. सहा वेदांगांपैकी उच्चारशास्त्राचे नावही ‘शिक्षा’च आहे. हिंदी आणि नेपाळीने हा अर्थ सांभाळला. मराठीत तो ‘शिकणे’, ‘शिक्षक’, ‘शिक्षण’ यांत राहिला आणि ‘शिक्षा’ दंडाकडे वळली. ‘त्याला चांगला धडा शिकवला’ असे आपण म्हणतो, तेव्हा ही वाट किती जवळची होती हे ध्यानात येते. कन्नड आणि तेलुगूतही या शब्दाचा अर्थ दंड असाच आहे. फारसीतून आलेल्या ‘राजीनामा’ शब्दाची विभागणी पुन्हा वेगळी: हिंदीत तो दोन पक्षांच्या तडजोडीचा लेख, तर मराठीत आणि नेपाळीत पद सोडल्याचे पत्र. म्हणजे एका शब्दात हिंदीबरोबर असलेली नेपाळी दुसऱ्या शब्दात मराठीच्या बाजूला येते.

दोन भाषा जाणणाऱ्या माणसाचा मेंदू असा शब्द वाचताना काय करतो, हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. नको असलेली भाषा तो आधीच बंद करून ठेवतो का? बोव्हिलां आणि ग्रेंजर या संशोधकांनी १९८७ मध्ये फ्रेंच व इंग्रजी जाणणाऱ्यांवर याचा प्रयोग केला. सी-ओ-आय-एन या चार अक्षरांचा शब्द फ्रेंचमध्ये ‘कोपरा’ आणि इंग्रजीत ‘नाणे’ होतो. तो फ्रेंच म्हणून दाखवल्यावर १५० मिलिसेकंदांनी ‘पैसा’ या अर्थाचा इंग्रजी शब्द समोर आला, तर वाचकांना तो लवकर ओळखता आला. हेच अंतर ७५० मिलिसेकंद ठेवल्यावर तो लाभ उरला नाही. याचा अर्थ, प्रसंगाला न जुळणारा अर्थही आधी जागा होतो आणि मग मागे सरतो. ‘शिक्षा मंत्रालय’ वाचताना डोळ्यांसमोर येणारा तुरुंग हे हिंदी कच्चे असल्याचे लक्षण नव्हे. वाचनाची रीतच तशी आहे.

संगणकाकडे अशी जाग नसते. संगणकात प्रत्येक अक्षर-चिन्हाला ठरावीक संकेत देणाऱ्या युनिकोडमध्ये ‘शिक्षा’ म्हणजे श, इकार, क, हलन्त, ष आणि आकार असे सहा संकेत. यूटीएफ-८ पद्धतीत साठवताना त्यांचे अठरा बाइट होतात. मजकूर मराठी असो, हिंदी असो वा नेपाळी, हे अठराही बाइट तेच असतात आणि त्यांत भाषेची कोणतीही खूण नसते. म्हणून भाषा ओळखणारी प्रणाली शेजारचे शब्द तपासते: जवळ ‘आहे’ किंवा ‘झाली’ दिसले, एखादा ‘ळ’ आढळला, की मराठीकडे झुकते. पण ‘शिक्षा विभाग’ एवढीच दोन पदे दिली, तर ‘विभाग’ही दोन्ही भाषांत तसाच असल्यामुळे ती अडते. पाटी भोपाळला लागली आहे की पुण्याला, हे माणूस पाहतो. यंत्राला ते कोणीतरी सांगावे लागते. त्यासाठी वेबपानाच्या मांडणीत भाषेचा संकेत लिहिण्याची सोय आहे, मराठीला ‘एमआर’ आणि हिंदीला ‘एचआय’. दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर या संकेतावरून आवाज निवडू शकते. तो चुकीचा लिहिला गेला, तर मराठी बातमीतल्या ‘चोर’मधला दंततालव्य ‘च’ ऐकणाऱ्याच्या कानावर ‘चहा’मधल्या ‘च’सारखा पडतो.