दिसलं काय, ठरवलं काय

बेळगावहून खानापूरला निघालेल्या बसमध्ये कंडक्टर मान वर न करता म्हणतो, "चिल्लर कोड्री," म्हणजे सुटे द्या. मराठी प्रवासी मनात म्हणतो, उर्मट आहे, मुद्दाम कन्नड बोलतोय. डोळ्या-कानांना मिळाले ते दोन शब्द आणि खाली घातलेली मान. 'उर्मट' आणि 'मुद्दाम' ही भर प्रवाशाची.

ही भर फार झटकन पडते. मानसशास्त्रज्ञ विलिस आणि टोडोरोव्ह यांच्या 2006 च्या प्रयोगांत सेकंदाचा दहावा भाग चेहरा दिसला, तरी माणूस भरवशाचा आहे की नाही हे लोकांनी ठरवून टाकलं. डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांचा 1988 चा प्रयोग याहून बोलका आहे. मूक चित्रफितीत एक बाई अस्वस्थ दिसते. ती अवघड विषयांवर बोलतेय, हे पाहणाऱ्यांना कळवलेलं असतं. नुसतं पाहणाऱ्यांनी विषयाचा विचार करून तिला सवलत दिली. पण ज्यांना विषयांची यादी पाठही करायची होती, त्यांनी तिला स्वभावानेच घाबरट ठरवलं. शिक्का आपोआप बसतो, तो पुसायला मात्र डोकं मोकळं लागतं. खच्चून भरलेल्या बसमध्ये ते कुणाचं असतं?

हे सगळीकडे सारखं नसतं. जोन मिलर यांनी 1984 मध्ये शिकागो आणि म्हैसूरच्या लोकांची तुलना केली, तेव्हा म्हैसूरच्या प्रौढांनी वागण्याची कारणं स्वभावापेक्षा परिस्थितीत जास्त शोधली. आठ वर्षांच्या मुलांत असा फरक जवळपास नव्हता. म्हणजे ही नजर घडवता येते.

शिक्षकांना तर ती हवीच. कन्नडच्या तासाला गप्प बसणारा मराठी मुलगा 'मठ्ठ' ठरायला वेळ लागत नाही. त्याऐवजी दहा मिनिटं नोंद करा: "11.10 ते 11.20. प्रश्न तीनदा. दोनदा खाली पाहिलं. एकदा शेजाऱ्याला बरोबर उत्तर मराठीत सांगितलं." उत्तर त्याला येत होतं, अडलं होतं ते भाषेपाशी. कॅमेऱ्यात टिपता येईल तेवढंच लिहायचं. 'नेहमी', 'आळशी', 'मुद्दाम' हे शब्द आले की खोडायचे. संध्याकाळी आठवून लिहू नका, कारण तोवर आठवणीत आपलं मत मिसळलेलं असतं.

दुसऱ्या शिक्षकानेही त्याच वेळी, तुम्हाला न विचारता नोंद केली तर उत्तम. दहा मिनिटांचे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे 20 खाने पाडा आणि प्रत्येकात मुलाचं लक्ष होतं की नाही, ते दोघांनी वेगवेगळं लिहा. त्यांपैकी 16 जुळले, म्हणजे 80 टक्के, तर नोंद वापरण्याजोगी. त्याहून कमी जुळले तर 'लक्ष नाही' म्हणजे नेमकं काय, हे दोघांनी आधी ठरवायला हवं.