पार्श्वभूमी : स्ट्रायकरचं जनुक शोधताना

जनुकं पाहून एखादा खेळाडू बचावात शोभेल की आघाडीवर, हे सांगता येईल का? व्यावसायिक फुटबॉलमध्ये हा प्रश्न गेल्या वीसेक वर्षांत जोर धरू लागला. त्याचं एक मूळ मात्र प्रयोगशाळेत नाही, इंग्लंडमधल्या प्रेक्षागारात आहे.

१९७६ साली टॉम रायली आणि व्हॉन थॉमस यांनी तिथल्या फर्स्ट डिव्हिजन या तेव्हाच्या सर्वोच्च साखळीतल्या खेळाडूंची धावपळ मोजून प्रसिद्ध केली. तेव्हा ना जीपीएस, ना कॅमेऱ्यांचं जाळं. निरीक्षक एकाच खेळाडूवर नजर खिळवून बसायचा आणि तो चालतोय, हळू पळतोय की सुसाट सुटलाय, हे टेपरेकॉर्डरमध्ये बोलत जायचा. अंतर काढायचं ते त्या खेळाडूच्या ढांगेच्या हिशेबाने. गोलकीपर सोडून बाकीच्यांची एका सामन्यातली सरासरी पावणेनऊ किलोमीटरच्या आसपास निघाली. मधल्या फळीतले जवळपास दहा किलोमीटर पळत होते, बचावाच्या मध्यभागी खेळणारे सेंटर बॅक पावणेआठच्या घरात. जागा बदलली की अंगमेहनतही बदलते, हे आता आकड्यांत आलं.

दुसरं मूळ स्नायूंच्या आजारात आहे. ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टर कॅथरिन नॉर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही रुग्णांच्या स्नायूंत अल्फा-ॲक्टिनिन-३ हे प्रथिन अजिबात आढळलं नाही. आजाराचं कारण हाती लागलं असं वाटत होतं, पण मग धडधाकट माणसांतही ते नसल्याचं दिसलं. १९९९च्या त्यांच्या शोधनिबंधाने सांगितलं की एसीटीएन-३ या जनुकातला हा बदल आजार नव्हेच. युरोपीय वंशाच्या शंभरातल्या अठराएक जणांत हे प्रथिन नसतं. ते वेगवान स्नायुतंतूंतलं. त्याचं काम जवळचंच दुसरं प्रथिन बरंचसं निभावून नेतं.

बरंचसं, सगळं नाही. २००३ मध्ये याच गटाने ऑस्ट्रेलियातले अव्वल खेळाडू तपासले. वेगाच्या आणि ताकदीच्या प्रकारांत हे प्रथिन नसलेले फक्त सहाएक टक्के निघाले. त्याआधी, १९९८ साली, लंडनच्या एका गटाने एसीई या जनुकाचा दमाशी, म्हणजे बराच वेळ तग धरण्याशी, संबंध दाखवला होता. त्यांच्या अभ्यासात जादा ऑक्सिजनशिवाय सात हजार मीटरच्या वर गेलेले गिर्यारोहक होते. एक जनुक वेगाचं, एक दमाचं, अशी सोयीची जोडी जमली. मग पहिलं मैदानाच्या कडेने सुसाट पळणाऱ्या विंगरला नि दुसरं मधल्या फळीतल्या मिडफिल्डरला लावून पाहण्याचा मोह कोणाला आवरणार?

फुटबॉलमधला गाजलेला अभ्यास स्पेनचा, २००८चा. तिथल्या ६० अव्वल व्यावसायिकांत वेगाच्या जनुकाच्या, म्हणजे एसीटीएन-३च्या, आईवडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती शाबूत असलेले ४८ टक्के होते, सामान्य लोकांत साधारण २८. पण प्रथिन अजिबात नसलेलेही १५ टक्के होते, म्हणजे नऊजण, आणि तेही त्याच पातळीवर खेळत होते. आता या साठांची गोलकीपर, बचाव, मधली फळी आणि आघाडी अशी वाटणी करून पाहा. गोलकीपर उरतील मूठभर, आणि त्यातला एक इकडचा तिकडे झाला तरी टक्केवारी उलटीपालटी. खेळण्याच्या जागेवरचे नंतरचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, त्यात या अंकगणिताचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं.

शिवाय जागा नेमतो प्रशिक्षक. इंग्लंडमधल्या आर्सेनल क्लबचे प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी १९९९ मध्ये विंगवरच्या थिएरी ऑन्रीला स्ट्रायकर केलं. प्रशिक्षक पेप ग्वार्डिओलांनी जर्मनीतल्या बायर्न म्युनिक क्लबमध्ये फिलिप लामला फुलबॅकवरून, म्हणजे बचावाच्या कडेवरून, मधल्या फळीत आणलं. दोघांची जनुकं होती तीच राहिली.

बाजाराला एवढं थांबायला वेळ नव्हता. २००८ पर्यंत अमेरिकेतली एक कंपनी लहान मुलांच्या गालातला नमुना घेऊन एसीटीएन-३ची चाचणी पालकांना विकू लागली होती. २०१५ मध्ये क्रीडावैद्यक आणि जनुकशास्त्रातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन स्पष्ट लिहिलं, की गुणवत्ता हेरायला अशा चाचण्यांना आजच्या घडीला स्थान नाही.

तोवर काही क्लबांचं कुतूहल दुखापतींकडे वळलं होतं. बार्सिलोनाच्या वैद्यकीय पथकाने २०१३ साली आपल्या खेळाडूंच्या जनुकांवर निबंध छापला. त्यात खेळाडूला कुठे उभं करावं याचा विचार नव्हता. स्नायू, कंडरा किंवा अस्थिबंध दुखावला तर कोणाला सावरायला जास्त दिवस लागतात, हे त्यांना पाहायचं होतं.