व्हिक्टोरियन कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्यांचा संग्रह

राणी व्हिक्टोरियाच्या काळात (१८३७ ते १९०१) ब्रिटनमध्ये निघालेल्या कादंबऱ्यांच्या पहिल्या छपाईच्या प्रती शोधून, पारखून जमवायचा हा छंद. पैसेवाल्यांचा म्हणतात, ते बरंचसं खरंय.

या प्रती दुर्मिळ का, ते तेव्हाचा धंदा बघितला की कळतं. नवी कादंबरी बऱ्याचदा तीन खंडांत यायची, किंमत ३१ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे साध्या माणसाने विकत घ्यायचा प्रश्नच नाही, लोक लायब्ररीतूनच आणायचे. लंडनची मूडीज लायब्ररी (१८४२ पासून) वर्षाला एक गिनी (२१ शिलिंग) घेऊन एका वेळी एक खंड द्यायची, त्यामुळे एकच कादंबरी एकाच वेळी तीन घरांत असायची आणि हातोहात फिरून खिळखिळी व्हायची. १८९४ मध्ये मूडीज आणि डब्ल्यू. एच. स्मिथ या दुसऱ्या मोठ्या लायब्ररीने प्रकाशकांना एका खंडाला ४ शिलिंगच्या वर देणार नाही म्हणून सांगितलं आणि तीन-चार वर्षांत तीन खंडांचा हा प्रकार जवळपास बंदच पडला. आता मूळ कापडी बांधणीतले, लायब्ररीचं लेबल नसलेले तिन्ही खंड एकत्र मिळणं म्हणजे नशीबच. नंतर कुणी हौसेने चामड्याची बांधणी करून घेतली असेल तर कपाटात देखणी दिसते, पण मुरलेला संग्राहक नाक मुरडतो. एमिली ब्राँटेची ‘वदरिंग हाइट्स’ (१८४७) घ्यायची तर तिसरा खंडही लागतो, आणि त्यात तिच्या बहिणीची, ॲनची, ‘ॲग्नेस ग्रे’ आहे!

डिकन्सचं वेगळं. ‘पिकविक पेपर्स’ (१८३६-३७) शिलिंगाला एक असे मासिक भाग निघाले, लोकांनी ते पुढे बांधून घेताना हिरवी कव्हरं आणि जाहिरातींची पानं फेकून दिली, आणि आज भाव त्या फेकलेल्या पानांनाच. ‘पिकविक’चा चित्रकार सीमोर याने आत्महत्या केल्यावर रॉबर्ट बस या दुसऱ्या चित्रकाराने काढलेली दोन चित्रं नंतर बदलली गेली, बसची ती मूळ चित्रं असलेली प्रत महाग जाते.

फसवणूकही भरपूर. टी. जे. वाइज हा नावाजलेला संग्राहक खोट्या जुन्या तारखा टाकलेल्या पुस्तिका पहिल्या आवृत्त्या म्हणून खपवायचा, कार्टर आणि पोलार्ड या दोन जाणकारांनी १९३४ मध्ये कागद तपासून त्या उघड्या पाडल्या, कारण तसा कागद पुस्तिकेवर छापलेल्या साली बनतच नव्हता. आणि एक, त्या काळच्या काही झगझगीत हिरव्या बांधणीच्या कापडात आर्सेनिक हे विष असतं, हाताळताना ग्लोव्ह्ज घाला.

मायकेल सॅडलियर या नामवंत संग्राहकाचा मोठा संग्रह आता कॅलिफोर्निया विद्यापीठात, लॉस एंजेलिसला आहे, पॅरिश या दुसऱ्या संग्राहकाचा प्रिन्स्टन विद्यापीठात.

आपल्याकडे जुन्या पुस्तकांत सापडतात त्या बहुतेक वसाहतींसाठीच्या आवृत्त्या. मॅकमिलन या प्रकाशन संस्थेने १८८६ मध्ये अशी मालिका काढली, भारत आणि वसाहतींतच विकायची अशी सूचना छापून. पहिली आवृत्ती म्हणून त्यांना सहसा धरत नाहीत, पण काही जण आता खास त्याच जमवतात, आणि त्या अजून खिशाला परवडतात.